मोरचुदाची लाही

सासूच्या तोंडातून निळं पाणी गळत होतं आणि माझी पोरगी तिच्या मांडीवर होती.

दारात पाऊल टाकलं तेव्हा हे दिसलं. सासू भिंतीला टेकून बसली होती. मान एका बाजूला वळवलेली, लुगड्याचा पदर तोंडाशी धरलेला. पदरावर निळा डाग पसरत होता, मोरपिसासारखा. दुसऱ्या हाताने तिने पोरीला आवळून धरलं होतं. पोरगी रडत होती. बाजूला पितळेची वाटी होती, तिच्यात मध होता आणि मधाच्या कडेला तोच निळा रंग चढत होता. स्टोव्ह विझलेला, पण वरचा तवा अजून तापलेला होता.

"आई, काय खाल्लंत?" मी ओरडले.

तिने जीभ बाहेर काढून दाखवली. जीभ निळी होती. बोलायला गेली आणि तिला उलटी आली. तीही निळी-हिरवी. अर्धी पदरात, अर्धी जमिनीवर.

"पोरीला दिलंत का? पोरीच्या तोंडात घातलंत?"

सासूने मान हलवली. नाही म्हणून हलवली की पुढची उलटी आवरत होती म्हणून हलवली, ते मला कळलं नाही. पोरीच्या हनुवटीवर मधाचा ओघळ होता आणि ओघळ निळसर होता. मी तिचं तोंड उघडून बघितलं. आत हिरड्यांना, गालाला जांभळे डाग होतेच. ते दवाखान्यातल्या औषधाचे होते, आधीच्या दिवसांतले. त्या जांभळ्यात नवीन निळं आहे की नाही हे कोणाला सांगता आलं असतं? मला तरी नाही.

सात-आठ महिन्यांची पोर. तिच्या पोटात ते गेलं असेल तर ती वाचणार नाही, एवढं मला तेव्हाही कळत होतं. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पण मोरचूद काय असतो हे भिवंडीत राहणाऱ्याला शाळेत शिकावं लागत नाही.

हे कसं झालं ते आता सांगते.

आणीबाणीच्या आधीची एक-दोन वर्षं असतील. आम्ही निजामपुऱ्यात एका खोलीत राहत होतो. पुढे, मागे आणि डोक्यावर लूम, म्हणजे यंत्रमाग. दिवसभर खडखड चालायची, त्यामुळे त्या गल्लीतली सगळी माणसं घरातही ओरडूनच बोलायची. माझा नवरा धामणकर नाक्याच्या अलीकडे एका सायझिंगमध्ये कामाला होता. लूमवर चढवायच्या आधी सुताला खळ लावतात, म्हणजे ते विणताना तुटत नाही. ती खळ लावायची जागा म्हणजे सायझिंग. नवरा तिथे खळ शिजवायचा. त्याच्या अंगाला खळीचा आणि चरबीचा वास यायचा, आंघोळ केली तरी जायचा नाही. मी शेजारच्या गल्लीत एका गाळ्यात कांड्या भरायला जायची. लूमवर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा, आणि कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची लहान नळी. त्या कामाला बायकाच असायच्या.

पोरीला सांभाळायला सासू गावाहून आली होती. आमचं गाव पूर्णा. आज तिथे गोदामं आहेत, तेव्हा भात होता. सासूला भिवंडी आवडायची नाही. "हितं मानसापेक्षा लूम जास्त बोलतात," म्हणायची. तिला एकही दात नव्हता. तरी पोरीला भात ती चावून द्यायची. हिरड्यांनी बारीक करायचा, बोटावर काढायचा आणि पोरीच्या जिभेवर ठेवायचा. आमच्याकडे तशीच पद्धत होती. तिच्या आईने तिला तसा दिला, तिने माझ्या नवऱ्याला दिला. मीही लहानपणी तसाच खाल्ला असेल. त्यात कोणाला काही वावगं वाटायचं नाही.

पोरीच्या जिभेवर पांढरं दिसायला लागलं तेव्हा मला आधी दूध वाटलं. पुसलं तर निघेना. जोर केला तर खालून लाल मांस दिसलं आणि रक्ताचा थेंब आला. पोरगी छातीला लागली की दोन घोट घ्यायची आणि सोडून रडायची. मग माझ्याच छातीला भेगा पडल्या. पाजायला बसले की सुया टोचल्यासारखं व्हायचं. मी दातावर दात दाबून पाजायची. कामावर बायका म्हणायच्या, वरचं दूध दे. मी म्हटलं, वरचं तरी ती कुठे घेते?

"तोंड आलंय तिचं," सासू म्हणाली. "यात काय येवढं? मी बरी करते."

आणि तिने सुरुवात केली. आधी टाकणखार. तो तव्यावर टाकला की फुगतो, लाहीसारखा पांढरा होतो. मग तो चुरून मधात कालवायचा आणि बोटाने जिभेला लावायचा. तिने तीन वेळा सांगितलं, "कच्चा कवाच लावायचा न्हाय. कच्चा पोटात गेला तर वाईट. भाजला का त्यातला वाईटपणा जातो." ते मी ऐकलं होतं, म्हणून लिहिते. पोरीने मध चाटला. पांढरं थोडं कमी झालं आणि परत आलं.

मग पूर्ण्याहून जाईचा पाला मागवला. तोंड आलं की मोठी माणसं तो चावतात. पोरीला चावता येत नाही, म्हणून सासूने चावला आणि त्याचा रस पोरीच्या तोंडात पिळला. मग दृष्ट काढली. मग शेजारची खाला दर्ग्यातून फुंकलेलं पाणी घेऊन आली, तेही पाजलं. खालाच्या सासरकडचे लोक फार पूर्वी किनाऱ्याकडून येऊन भिवंडीत राहिलेले. गल्लीतले अर्धे लूम त्यांचे होते. खाला आमच्याशी मराठी आणि नोकरांशी हिंदी बोलायची आणि घाई झाली की दोन्ही एकदम.

शेवटी मी कामावर खाडा केला आणि पोरीला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सने बघितलं न बघितलं आणि जांभळ्या औषधाची बाटली दिली. "बाळाच्या तोंडात लावा आणि तुमच्या छातीलापण लावा. दोघींना एकदम लावलं तरच जाईल. नाहीतर तुमचं तिला आणि तिचं तुम्हाला, असंच चालू राहील." हे तिने नीट सांगितलं होतं. घरी येऊन मी तसंच सासूला सांगितलं.

"छातीला शाई लावून पोरीला पाजनार तू?" सासू म्हणाली.

"नर्स बोलली."

"नर्सला पोरं हायेत काय?"

"मला काय माहीत?"

"मग इचारून यायचं."

तरी मी लावलं. पोरीचं तोंड जांभळं झालं, ओठ जांभळे, लाळ जांभळी. नळावर बायकांनी बघितलं आणि हसल्या. "काय गो, पोरीला दौत पाजलीस काय?" सासूला ते लागलं. "पोरीची जात हाय. तोंड असं रंगवून ठेवलंस, कोन काय म्हनंल?" मी कामावर गेले की ती फडक्याने पोरीचं तोंड पुसून काढायची. संध्याकाळी मला डाग फिके दिसायचे, मी परत लावायची. असं दोघींचं चाललं होतं. मग, हे सगळं घडलं त्याच्या आदल्याच दिवशी, बाटली फळीवरून पडली आणि फुटली. आपोआप पडली असं सासूचं म्हणणं होतं. मी काचा गोळा केल्या.

पावसाळा होता, श्रावण. आमच्या खोलीची मागची भिंत ओलीने भरली होती. हात लावला की हाताला पांढरी-काळी बुरशी लागायची. नवऱ्याने सायझिंगमधून कागदात बांधून मोरचुदाचे खडे आणले. निळेभोर, खडीसाखरेएवढे. संध्याकाळी जेवताना त्याने सांगितलं, रविवारी चुन्यात टाकून भिंतीला लावतो.

"त्यानं काय व्हतं?" सासूने विचारलं.

"बुरशी मरते. खळीत तोच टाकतात. पावसाळ्यात न्हाय टाकला तर खळीला बुरशी चढते, सूत सडतं. मोरचूद टाकला का साफ."

"बुरशी म्हंजे ती भिंतीवरची पांढरी?"

"हां."

"पोरीच्या जिभंवर हाय, तशी?"

"तशीच," नवरा म्हणाला. तो जेवत होता. त्याने ताटातून मान वर केली नाही.

रविवारी भिंत रंगली. चुना निळसर दिसत होता. चार-सहा दिवसांत भिंत कोरडी नाही झाली, पण बुरशी गेली ती गेली. सासू रोज भिंतीला हात लावून बघायची आणि हात डोळ्यांजवळ नेऊन तपासायची. उरलेले खडे कागदात बांधून नवऱ्याने वर फळीवर ठेवले.

"त्याला हात लावू नका. इषारी हाय," तो म्हणाला.

"टाकणखारबी कच्चा वाईटच," सासू म्हणाली.

"आई, तुला समदंच भाजायला पायजे. उद्या मला भाजशील."

"तुला कवाच भाजायला पायजे होता. कच्चाच राह्यलास."

आम्ही तिघंही हसलो. त्यात पुढचं काय दडलं होतं हे तेव्हा कोणाला दिसणार?

त्या दिवशी दुपारी लाइट गेली. भिवंडीत लाइट गेली की सगळं एकदम गप्प होतं, कान दुखायला लागतात. मालकाने थोडा वेळ वाट बघायला लावली आणि मग आम्हा बायकांना घरी जा म्हटलं. छाती भरून आली होती, म्हणून मी भरभर चालत आले. लाइट गेली नसती तर मी संध्याकाळी आले असते.

आणि दारातून ते दिसलं, जे वर लिहिलं आहे.

मी ओरडले ते गल्लीने ऐकलं, कारण लूम बंद होते. चालू असते तर माझा आवाज माझ्याच खोलीत राहिला असता. पहिली खाला आली. तिने वाटी उचलली, वास घेतला, कागद बघितला.

"हे तर खळीतलं. या अल्ला! म्हातारे, हे खाल्लंस?"

सासूने डोळे मिटून मान हलवली.

"किती? इतना?" खालाने बोटाचं पेर दाखवलं. "की इतना?" तिने वाटी दाखवली.

सासूला पुन्हा उलटी आली. खाला माझ्यावर ओरडली, "उभी काय राह्यलीस? पोरगी घे तिच्याकडनं!"

मी घ्यायला गेले तर सासूचा हात सुटेना. बोटं आखडून गेली होती. खालाने ती एकेक करून सोडवली. मग ती धावत घरी गेली आणि दूध आणि अंडी घेऊन आली. तिच्या दिराच्या सायझिंगमध्ये एक कामगार चुकून असलंच पाणी प्यायला होता, तेव्हा डॉक्टरने दूध आणि अंड्याचा पांढरा बलक पाजायला सांगितला होता. खालाने अंडी फोडून पांढरा बलक दुधात घातला, ढवळला आणि पेला सासूच्या तोंडाला लावला.

सासूने ओठ मिटले. मग इतका वेळ न आलेला आवाज तिला आला.

"श्रावन हाय."

"काय?"

"श्रावन. अंडं न्हाय."

"तुझ्या देवाला डोळे हायेत ना? तो बघतोय तुझी जीभ," खाला म्हणाली. "पी गुमान. पाप लागलं तर माझ्या नावावर घाल, माझ्याकडे भरपूर जागा आहे."

सासू प्यायली. उलटून पडलं. खालाने परत पाजलं.

माझी पोरगी तोवर माझ्या हातात होती. मी पदर ओला करून तिची हनुवटी पुसली, मग बोटाला फडकं गुंडाळून तोंड आतून पुसलं. फडक्यावर जांभळं आलं. निळं आलं की नाही, मी उजेडाला धरून बघितलं, खालानेही बघितलं. "मला जांभळंच दिसतंय," खाला म्हणाली. "पण मी चष्मा आणला नाही." तेवढ्यात पोरीने ओकारी काढली. पण आलं ते नासलेलं दूध होतं, पांढरं.

"पाज तिला," खाला म्हणाली. "आता. पोटात काही गेलं असेल तर दूध पायजे."

मी तिथेच उंबऱ्यात बसून पाजलं. पोरगी दोन घोट घेऊन सोडायची, मी परत लावायची. छातीतून कळ जात होती आणि समोर सासू ओकत होती. तेवढ्या वेळात मी फक्त पोरीचे ओठ बघत होते, रंग बदलतो का म्हणून.

नवऱ्याला कोणीतरी सांगायला गेलं होतं. तो पळत आला. जमिनीवरचा रंग बघून त्याने विचारलंच नाही काय झालं ते.

"कोनी दिला तिला?"

"कोणी दिला? तुम्ही आणलात, तिने खाल्ला."

"फळीवर होता."

"तिचा हात पोचतो फळीला."

बाजारातल्या डॉक्टरकडे टांग्याने गेलो. त्याने सासूची नाडी बघितली, पोरीचं तोंड बघितलं आणि ठाण्याच्या मोठ्या इस्पितळात जा म्हटलं, थांबू नका. खालाच्या दिराचा टेम्पो कापडाचे गठ्ठे भरून ठाण्याला निघतच होता. त्याने अर्धे गठ्ठे रस्त्यावर उतरवले. सासूला गठ्ठ्यांवर झोपवलं. नवऱ्याने तिचं डोकं धरलं, मी पोरीला धरलं. सासूने कापडावर ओकू नये म्हणून स्वतःचा पदर तोंडाशी धरला होता. तिची तीच अक्कल. मरताना पण दुसऱ्याचा माल खराब व्हायला नको.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने सासूच्या पोटात नळी घातली आणि धुऊन काढलं. मग पोरीकडे वळली.

"बाळाला दिलं का?"

"माहीत नाही."

"कोण होतं घरात?"

"ह्याच." मी सासूकडे बोट दाखवलं. सासूच्या घशातून आता हवासुद्धा नीट जात नव्हती, बोलणं सोडाच.

डॉक्टरणीने पोरीच्या तोंडात बॅटरी मारली. "हा रंग?"

"जांभळ्या औषधाचा. दवाखान्यात दिलेलं."

"सगळा?"

"तेच तर मला माहीत नाही."

तिने पोरीलाही ठेवून घेतलं. बघू या, म्हणाली. उलट्या झाल्या, लघवी बंद झाली, अंग पिवळं पडलं तर लगेच सांगायचं. मी खाटेवर पोरीला घेऊन बसले आणि बघत राहिले. शेजारच्या खाटांवरच्या बायका विचारायच्या, काय झालं? मी म्हणायची, बघू या. मला तेवढंच उत्तर येत होतं. दुपटं ओलं झालं की मी ते खिडकीजवळ नेऊन रंग बघायची. तोवर माझ्या आयुष्यात मी ओल्या दुपट्याची इतकी वाट कधी बघितली नव्हती. पोरगी रडायची, झोपायची, जागी व्हायची.

सासूची गोष्ट वेगळी होती. तिचे डोळे पिवळे झाले. लघवी आधी काळ्या चहासारखी यायला लागली आणि मग थोडी थोडीच. डॉक्टरीण नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाली की मूत्रपिंडावर आलं आहे, आम्ही करतो ते करतो. नवरा येऊन मला म्हणाला, "करतो ते करतो म्हनते." मग तो बाहेर जाऊन बसला. त्याच्या अंगाला खळीचा वास होता, आणि वॉर्डातल्या बायका नाकाला पदर लावत होत्या.

पोरीला काही झालं नाही. तरी माझ्या मनातून जाईना. आत्ता नाही तर उद्या झालं तर? डॉक्टरीण म्हणाली, आता होणार नाही. पण ती तिथे नव्हती ना, वाटी समोर होती तेव्हा.

मग सासूला आवाज आला. घोगरा, फाटका, पण आला. मी पोरीला कडेवर घेऊन तिच्या खाटेशी गेले आणि आधी तब्येत विचारली नाही.

"पोरीला दिलंत का नाही?"

"न्हाय."

"खरं सांगा."

"न्हाय दिलं गो बाय." तिने पाणी मागितलं, मी दोन चमचे दिले. मग ती थांबत थांबत बोलली. "मी समदं आधी माझ्या जिभंला लावते. टाकणखारबी लावलेला. जाईचा रसबी. माझ्याबी जिभंवर पांढरं हाय."

"तुमच्या? कधीपासून?"

"हाय. कशाला सांगायचं? तुम्ही मला बाटलीतली शाई लावली असती."

"मग?"

"मोरचूद भाजला. त्याचा निळा रंग गेला, पांढरा झाला. टाकणखारासारखा. मी म्हटलं, इख जळलं. मधात कालवला. बोटानं माझ्या तोंडात घेतला, चांगला जिभंभर. आग झाली. तरी म्हटलं औषिध हाय, झोंबणारच. मग पोरीसाठी बोट भरलं. बोट तिच्या तोंडाशी नेलं आन् बघितलं." तिने स्वतःचं बोट वर धरून मला दाखवलं, जणू अजून तसंच होतं. "बोट निळं. वाळल्यावर पांढरा व्हता, थुकी लागली आन् परत निळा. तवा समजलं, इख गेलं न्हाय. लपून बसलेलं."

"मग थुंकायचं ना!"

तिने माझ्याकडे बघितलं. मी काही खुळ्यासारखं बोलले असं तिचं तोंड झालं.

"पोर मांडीवर. तोंड उघडून रडतेय, खाली, असं. माझ्या तोंडात मध, दात न्हाईत, ओठ आवरत न्हाईत, गळतंय. कुठं थुंकू? पोरीच्या तोंडात?"

"बाजूला."

"वळाया गेले तर पयला थेंब तिच्या हनुवटीवर पडला. मग गिळलं."

मी पोरीची हनुवटी बघितली. साफ होती. सासूने आणखी पाणी मागितलं. मी दिलं.

लघवी हळूहळू साफ यायला लागली. डोळ्यांचं पिवळं उतरलं. जिभेचा निळा रंगही गेला, आणि तो गेल्यावर खालचं पांढरं दिसलं. माझ्या छातीच्या भेगांचं मी डॉक्टरणीला सांगितलं होतं; तिने ते पांढरं बघून माझ्याकडे आणि पोरीकडे बघितलं.

"आजी, बाळाला घास चावून देता?"

"देते."

"म्हणून तिघींना आहे. तुमच्या तोंडातून तिला, तिच्या तोंडातून आईला, आणि आईकडून परत तिला. आजपासून चावून द्यायचं बंद. भात मऊ शिजवा, बोटाने कुस्करा."

"चावल्याबिगर कसा जाईल तिला?"

"जाईल. आणि मोरचूद भिंतीला लावायचा."

"बुरशी तर एकच ना?"

"भिंतीला पोट नसतं, आजी."

सासू गप्प झाली. ते तिला पटलं असावं. तिला कधी पटलं आहे हे तिच्या गप्प बसण्यावरूनच कळायचं.

डॉक्टरणीने परत तेच जांभळं औषध लिहून दिलं. या वेळी तिघींना, आणि पुसायचं नाही अशी तंबी. आम्ही खोलीवर आलो. पोरीचं तोंड जांभळं, सासूचं तोंड जांभळं, आणि माझं जिथे होतं तिथे, पदराखाली. सासू पोरीला घेऊन दारात बसायची आणि दोघी एकमेकींकडे बघून बोळकं पसरायच्या, जांभळं. खाला येता-जाता म्हणायची, "अख्ख्या घराने जांभळाचं झाड खाल्लं काय?" नळावरच्या बायकांना सासूने एकदाच उत्तर दिलं, "आमच्या ठाण्याच्या डॉक्टरनीनं सांगितलंय." मग कोणी हसलं नाही. पांढरं गेलं, परत आलं नाही. माझ्या भेगाही भरल्या.

एक मात्र झालं. सासूने पुढे कधी मध खाल्ला नाही. श्रावणात अंडं खाल्लं म्हणून पूर्ण्याला जाऊन तिने काहीतरी उपास केला, कोणता ते मला सांगितलं नाही. भिंतीवरची बुरशी पुढच्या पावसाळ्यात परत आली. नवऱ्याने नुसता चुना लावला, ती जात नाही म्हणून कोणी तक्रार केली नाही.

पोरीला पुढे सगळे दात आले. तिचा संसार कल्याणला आहे, आता तिची मुलगीही नोकरी करते. सासू त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली आणि गेली ती म्हातारपणाने, गावी, स्वतःच्या घरात. ते पोटात गेलं होतं फक्त तिच्या, आणि ती त्यातून वाचली.